चाळिशीनंतर नव्या भाषेचं व्याकरण तोंडात बसतं का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं बोलणं इतरांनाही कळेल. वय ४३. नोकरीमुळे कुटुंबासह जर्मनीत जाऊन दहा महिने झाले. घरात मराठी, ऑफिसचा कारभार इंग्रजीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी जर्मनचा क्लास. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. मुलगा मित्रांशी घडाघडा बोलतो, मुलगी शाळेत निबंध लिहायला लागली आहे, आणि बाबांना विभक्त्यांचे तक्ते पाठ असूनही शेजाऱ्याशी दोन वाक्यं बोलताना आर्टिकल (नामाआधी येणारं ‘देअर’, ‘दी’, ‘दास’, जे लिंग आणि विभक्तीनुसार बदलतं) चुकतं. चुकलं की मुलगा लगेच दुरुस्त करतो. त्यांनी विचारलं आहे: माझं शिकायचं वय निघून गेलं का? व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवून मुलांसारखं नुसतं ऐकून-बोलून शिकावं का? आणि मुलाच्या बोलण्यातही चुका असतात, त्या सुधाराव्यात का?

मी जर्मन शिकवते, मुलांनाही आणि मोठ्यांनाही. शिवाय अमराठी लोकांना मराठी शिकवते. दोन्हीकडे हा प्रश्न वारंवार येतो, आणि तो विचारणारा माणूस बहुतेक वेळा आतून खचलेला असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. कोण लवकर शिकतं, हा एक. आणि शेवटी कोण जास्त पुढे पोचतं, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं उलटसुलट आहेत. १९७९ साली स्टीफन क्रॅशन, मायकेल लाँग आणि रॉबिन स्कार्सेला यांनी तोवरचा अभ्यास एकत्र मांडला, तेव्हा हेच दिसलं. सुरुवातीच्या काळात व्याकरणात मोठी माणसं मुलांच्या पुढे असतात, आणि मोठी मुलं लहान मुलांच्या पुढे. पण लहानपणी सुरुवात केलेली मुलं वर्षानुवर्षं त्या भाषेत राहिली तर अखेरीस ती पुढे निघून जातात.

पहिल्या भागावर विश्वास बसत नसेल तर नेदरलँड्समधला एक अभ्यास सांगते. कॅथरीन स्नो आणि मारियन हूफनागेल-होले यांनी १९७८ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथे राहायला गेलेल्या इंग्रजी भाषकांचं डच वर्षभर तपासलं होतं, लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते १२ ते १५ वयाचे आणि प्रौढ. ३ ते ५ वर्षांची मुलं मात्र सर्वांत मागे राहिली. म्हणजे तुमची मुलगी दहा महिन्यांत निबंध लिहिते यात नवल काहीच नाही. या टप्प्यावर तिचंच वय सर्वांत सोयीचं.

मग धाकटा पुढे आहे असं का वाटतं? कारण आपण त्याचं बोलणं त्याच्या वयाच्या गरजांवर मोजतो. ‘बॉल दे’, ‘आता माझी पाळी’, ‘तू माझ्या बाजूला बस’ एवढ्यात त्याचा दिवस निभावतो. तुम्हाला घरमालकाशी हीटिंगच्या बिलावरून बोलायचं असतं. त्यासाठी जी वाक्यं लागतात ती त्यालाही अजून येत नाहीत, फक्त ती त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या बोलण्यात चुका असतात हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. पण तो अडखळत नाही, आणि ऐकणाऱ्याला अडखळणं चुकीपेक्षा जास्त जाणवतं.

आता तासांचा हिशेब करा. शाळा आणि शाळेनंतरचं पाळणाघर धरलं तर मुलाच्या कानावर आठवड्याला निदान पंचवीस तास जर्मन पडतं, आणि त्यातल्या बऱ्याच वेळात त्याला उत्तर द्यावंच लागतं. तुमचे दोन क्लास मिळून तीन तास. म्हणजे तुमच्या आठपट. दहा महिन्यांत हा फरक किती साचला असेल बघा. वयाचा विचार त्यानंतर. आई-बाप स्वतःची तुलना मुलाच्या मेंदूशी करतात, पण खरी तुलना असते त्याच्या वेळापत्रकाशी.

याची उलट बाजूही तपासलेली आहे. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. काहींनी ८ व्या वर्षी सुरुवात केली होती, काहींनी ११ व्या. वर्गातले तास सारखे धरून तुलना केली तेव्हा उशिरा सुरुवात केलेली मुलंच पुढे होती. आठवड्यात मोजके तास असतील तर लहान वयाचा फायदा हाती लागत नाही, कारण लहान मूल नियम समजून घेऊन शिकत नाही. ते प्रचंड ऐकतं आणि त्यातून सवय लावून घेतं. ते प्रचंड ऐकणं वर्गात होत नाही. जे पालक मला चार वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला एक तासाचा क्लास विचारतात त्यांना मी हेच सांगते: गाणी, गोष्टी, आवड यासाठी जरूर पाठवा, व्याकरण लवकर पक्कं होईल या आशेने पाठवू नका.

आता दुसरा भाग, जो तुम्हाला जास्त बोचतो आहे: शेवटी कुठवर पोचता येतं? इथे वयाचा परिणाम खरा आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

एरिक लेनबर्ग यांनी १९६७ मध्ये मांडलं की भाषा सहज आत्मसात होण्याचा काळ साधारण दोन वर्षांपासून वयात येईपर्यंतचा असतो. त्यानंतर सर्वांत गाजलेला अभ्यास जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांचा, १९८९ चा. ३ ते ३९ या वयांत अमेरिकेत आलेल्या ४६ चिनी आणि कोरियन भाषकांना इंग्रजी वाक्यं ऐकवून ती बरोबर की चूक ते विचारलं. ३ ते ७ वयात आलेले लोक जन्मतः इंग्रजी बोलणाऱ्यांइतकेच अचूक निघाले. त्यानंतर वयात येईपर्यंत गुण उतरत गेले. प्रौढपणी आलेल्यांत मात्र वयाशी थेट संबंध दिसला नाही, माणसागणिक फार फरक होता. हे शेवटचं वाक्य लोक सांगताना गाळतात, आणि तुमच्यासाठी तेच महत्त्वाचं आहे.

२०१८ मध्ये जोशुआ हार्ट्सहॉर्न, जोशुआ टेनेनबाउम आणि स्टीव्हन पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांनी इंटरनेटवर सोडवलेली इंग्रजी व्याकरणाची चाचणी तपासली. व्याकरण शिकण्याचा वेग १७.४ वर्षांपर्यंत टिकतो आणि मग झपाट्याने घटतो, असा त्यांचा निष्कर्ष. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या झाल्या आणि ‘अठराव्या वर्षी दार बंद’ असा सूर लागला. पण २०२२ मध्ये त्याच माहितीचं पुन्हा विश्लेषण झालं, तेव्हा नंतरच्या वयात भाषा शिकणाऱ्यांच्या बाबतीत असा एकदम कडा सापडला नाही. उतार हळूहळू आणि सलग दिसला. केंजी हाकुता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या जनगणनेतली वीस लाखांहून अधिक स्थलांतरितांची माहिती पाहिली होती. तिथेही वाढत्या वयाबरोबर सलग उतारच होता, अमुक वयाला तुटणारी रेषा नव्हती. शिवाय शिक्षणाचा परिणाम ठळक दिसला.

माझ्या वर्गांचा अनुभव या उताराच्या बाजूने आहे. पस्तिशीत सुरू केलेला आणि पंचेचाळिशीत सुरू केलेला विद्यार्थी यांच्यात वयाने पडणारा फरक मला जाणवेल इतका मोठा क्वचितच असतो. त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो तो रोज भाषा किती वापरली, कोणाशी वापरली, वाचनाची सवय होती का आणि रूपांकडे लक्ष देण्याची वृत्ती आहे का, यामुळे. रॉबर्ट डीकायझर यांनी २००० मध्ये अमेरिकेतल्या ५७ हंगेरियन स्थलांतरितांचा अभ्यास केला. प्रौढ वयात येऊनही ज्यांनी व्याकरणात फार वरचे गुण मिळवले, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांची भाषेचं विश्लेषण करण्याची क्षमता चांगली होती. लहानपणी आलेल्यांना ती क्षमता असो वा नसो, फरक पडला नाही. या अभ्यासामुळे माझ्या शिकवण्यात बदल झाला. लहान मुलाला नियम समजण्याची गरज नसते, प्रौढाला ती असते, आणि प्रौढ ज्या वाटेने वर जातो ती वाट समजण्यातूनच जाते.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट देते: पुस्तक बाजूला ठेवू नका. ‘मुलांसारखं शिका’ हा सल्ला ऐकायला गोड आहे, पण मुलाचे तास, मुलाचे सवंगडी आणि मुलाची स्मरणाची पद्धत यातलं काहीही तुमच्याकडे नसताना फक्त त्याचं पुस्तक न उघडणं तेवढं तुम्ही घेणार. इजिप्तमध्ये २१ व्या वर्षी राहायला गेलेल्या एका ब्रिटिश बाईंचं उदाहरण भाषाभ्यासकांनी १९९४ मध्ये नोंदवलं आहे. कोणताही क्लास न करता त्यांचं अरबी जवळजवळ तिथल्याच माणसासारखं झालं. पण त्या नुसत्या ऐकत बसल्या नव्हत्या, शब्दांच्या रूपांकडे जाणीवपूर्वक लक्ष देत होत्या. क्लासशिवाय शिकणाऱ्या प्रौढालाही नियमांचा विचार सुटलेला नाही.

मग तक्ते पाठ असूनही बोलताना चूक का होते? इथे जरा थांबून बघू, कारण तुमची खरी अडचण हीच आहे.

वाढत्या वयाचा फटका सगळ्या व्याकरणाला सारखा बसत नाही. जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांच्या अभ्यासात वाक्यातला शब्दांचा मूळ क्रम उशिरा आलेल्यांनाही नीट जमत होता. आर्टिकल आणि अनेकवचनाचा प्रत्यय इथे मात्र ते अडले. डोना लार्डिएर यांनी अमेरिकेत राहणाऱ्या एका चिनी भाषक स्त्रीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, ‘पॅटी’ या टोपणनावाने. दहा वर्षं तिथे राहून झाल्यावर बोलण्यात भूतकाळाचं रूप ती जिथे हवं तिथे साधारण एक तृतीयांश वेळाच वापरायची. जवळपास नऊ वर्षांनी पुन्हा पाहिलं, प्रमाण तेच. पण ‘ही’ की ‘हिम’, ‘शी’ की ‘हर’ यात ती चुकत नव्हती. म्हणजे वाक्याचा सांगाडा डोक्यात पक्का होता, बारीक प्रत्यय मात्र जिभेवरून निसटत होते.

असं का होतं ते तुमच्याच वाक्यात बघा. ‘मी बसने जातो’ हे जर्मनमध्ये ‘इश फारे मिट देम बुस’. ‘मिट’नंतर डाटिव्ह, म्हणजे आपल्या चतुर्थीसारखी विभक्ती, येतो म्हणून ‘देम’. हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही ‘मिट देन बुस’ म्हणालात तरी शेजारी शंभर टक्के समजणार आहे. ‘देम’ आणि ‘देन’ यात फरक फक्त शेवटच्या नाकातल्या आवाजाचा. त्यावर आघात नाही, भरभर बोलताना तो अर्धा गिळला जातो. अर्थ कळण्यासाठी तुम्हाला तो ऐकण्याची गरज नसते आणि अर्थ पोचवण्यासाठी म्हणण्याचीही गरज नसते. प्रौढाचं मन अर्थाकडे धावतं, कारण त्याला कामाचं बोलायचं असतं. अर्थ मिळाला की रूपाकडे बघायचं राहून जातं. लहान मूल मात्र अर्थ पुरता कळायच्या आधीच आवाजांचे तुकडे जसेच्या तसे उचलतं, ‘मिटदेमबुस’ असं एकसंध. लहान मुलांची एका वेळी थोडंच लक्षात ठेवण्याची मर्यादाच त्यांना असे तुकडे पकडायला मदत करते, असा तर्क न्यूपोर्ट यांनी पुढे मांडला. तो पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण मुलांच्या वर्गात जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

लिंगाच्या बाबतीत मराठी माणसाची एक वेगळीच गंमत होते. आपल्याकडे तीन लिंगं आहेत, जर्मनमध्येही तीन. त्यामुळे कल्पना समजावून द्यावी लागत नाही, हा मोठा फायदा आहे. ते मूल आणि ‘दास किंट’, ते पुस्तक आणि ‘दास बूख’ अशा जोड्या जुळल्या की विद्यार्थी खूश होतो. पण मग ते टेबल ‘देअर टिश’ म्हणून पुल्लिंगी निघतं आणि तो दिवा ‘दी लाम्पे’ म्हणून स्त्रीलिंगी. तुमच्या तोंडून चुकतं तेव्हा नीट बघा. अनेकदा ती चूक मराठी लिंग तिकडे नेल्यामुळे झालेली असते. चाळीस वर्षं पक्की झालेली मराठी सहा वर्षांच्या मराठीपेक्षा जास्त जोराने मधे येते, हेही वयाच्या परिणामाचं एक कारण मानलं जातं.

एवढं मांडून झाल्यावर आता काय करायचं ते. मी प्रौढ विद्यार्थ्यांकडून करून घेते तेच सांगते. तुमच्या वेळेनुसार कमीजास्त करा.

सगळे तक्ते एकदम बोलण्यात आणायचा प्रयत्न सोडा. दोन-तीन आठवडे एकच गोष्ट घ्या. उदाहरणार्थ फक्त ‘मिट’, ‘त्सू’, ‘बाय’ यांच्यानंतरचा डाटिव्ह. त्या काळात बाकीच्या चुका होऊ द्या. नियम माहीत असणं आणि तो बोलताना आपोआप लागू होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरीकडे नेणारी गोष्ट म्हणजे तोच नियम खऱ्या वाक्यांत, वेळेच्या दडपणाखाली, पुन्हा पुन्हा वापरणं. तक्ता भरायचे व्यायाम इथे उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे विचार करायला वेळ असतो.

यासाठी मला सर्वांत फळलेली युक्ती अशी. एखादा साधा प्रसंग घ्या: ऑफिसला कसे जाता, कोणाबरोबर, काय घेऊन. तो जर्मनमध्ये चार मिनिटं सांगा. मग तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत. ऐकायला कोणी नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. तिसऱ्या वेळेला काय बोलायचं याचा विचार करावा लागत नाही, म्हणून लक्ष मोकळं होतं आणि ते रूपाकडे देता येतं. रेकॉर्डिंग ऐकताना फक्त त्या आठवड्याचा नियम तपासा. आपलाच आवाज ‘मिट देन’ म्हणताना ऐकला की ते कानात बसतं. मास्तरांनी शंभरदा सांगून बसत नाही.

दुसरी गोष्ट, कानाला जे निसटतं ते डोळ्याला दाखवा. तुमच्या पातळीचा एक लहान उतारा ऐका, पाच-सहा वाक्यांचा. दोनदा ऐकून तो स्वतःच्या हाताने लिहून काढा. शब्द आठवले तेवढेच, बाकी तुमच्या व्याकरणाने भरा. मग मूळ उतारा समोर ठेवा आणि शब्दाशब्दाने ताडून बघा. जिथे तुम्ही ‘आइन’ लिहिलंत आणि मूळ उताऱ्यात ‘आइनेन’ आहे, तिथे तुम्ही इतके महिने काय ऐकलंच नव्हतं ते दिसेल. हा व्यायाम कंटाळवाणा आहे, माझे विद्यार्थी कुरकुर करतात, आणि तरी मी तो सोडत नाही.

नाम कधीही एकटं पाठ करू नका. ‘टिश’ नव्हे, ‘देअर टिश’. आणि जिथे शेवटावरून लिंग कळतं ते आधी घ्या: ‘उंग’, ‘हाइट’, ‘काइट’ यांनी संपणारी नामं स्त्रीलिंगी, ‘शेन’ने संपणारी नपुंसकलिंगी. ‘दी वोनुंग’, ‘दी त्साइटुंग’, ‘दास मेडशेन’. मुलाला हे नियम कोणी सांगत नाही, तो शेकडो शब्द ऐकून नकळत ते काढतो. तुम्हाला ते दहा मिनिटांत कळतात. हा प्रौढपणाचा फायदा आहे, तो मनापासून घ्या.

शब्दक्रमाबद्दल थोडं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, ‘वाइल इश क्रांक बिन’ (कारण मी आजारी आहे), हे मराठी माणसाला फार जड जात नाही, आपलं क्रियापद नाहीतरी शेवटीच असतं. अडतं ते ‘मॉर्गेन गेहे इश’ (शब्दशः ‘उद्या जातो मी’) इथे, जिथे क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. आपण ‘मॉर्गेन इश गेहे’ म्हणून मोकळे होतो. जर्मनीत कामाला आलेल्या इटालियन आणि स्पॅनिश भाषकांवर १९७० च्या दशकात मोठा अभ्यास झाला. त्यात जर्मन शब्दक्रमाचे टप्पे ठरावीक क्रमाने येतात असं दिसलं, आणि ही अदलाबदल त्यात उशिराचा टप्पा आहे. मानफ्रेड पीनेमान यांनी पुढे इटालियन मुलांना ही रचना मुद्दाम शिकवून पाहिली. जी मुलं आधीच्या टप्प्यापर्यंत पोचली होती त्यांनाच ती आली. जी पोचली नव्हती त्यांना शिकवूनही आली नाही, आणि ती तर लहान मुलं होती. तेव्हा ही चूक अजून होते म्हणून मेंदूला दोष देऊ नका. सध्या तिचा क्रम आलेला नसेल. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तिच्याकडे या.

आणि ऑफिस. दिवसाचे आठ-नऊ तास इंग्रजीत जात असतील तर सगळी पद्धत एका हाताने काम केल्यासारखी होते. रोज अर्धा तास तरी असा शोधा जिथे समोरच्याला इंग्रजीची सोय नाही: खेळाचा क्लब, गायनमंडळ, मुलाच्या शाळेतलं पालकांचं काम. सहकाऱ्यांपैकी एकाला सांगून ठेवा की माझ्याशी फक्त जर्मनमध्ये बोल आणि ‘मिट’नंतर चुकलो तर थांबव. सगळंच दुरुस्त कर असं सांगू नका, कोणी करत नाही आणि केलं तर आपल्यालाच सहन होत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने विचाराल तर बी-वन या मधल्या पातळीला आर्टिकल अचूक असण्याची अपेक्षा नसते, म्हणणं स्पष्ट पोचलं पाहिजे. अगदी जर्मन माणसासारखं बोलणं हे ध्येय ठेवाल तर ४३ व्या वर्षी सुरू केलेल्यांपैकी फार थोडे तिथवर पोचतात, हे मी खोटं सांगणार नाही. पण ऐकणाऱ्याला त्रास न होता, व्याकरणाकडे त्याचं लक्ष न जाता तासभर बोलता येणं, हे मी तुमच्या वयाच्या विद्यार्थ्यांना साधताना पाहिलं आहे. त्याला महिने नाही, काही वर्षं लागतात.

आता मुलं. धाकट्याच्या जर्मन चुका तुम्ही सुधारू नका. त्याला नियम सांगण्याची गरज नाही, आणि तुमचं जर्मन त्याच्यासाठी योग्य नमुनाही नाही. शाळेत ऐकून तो टप्प्याटप्प्याने पुढे जाईल. पण त्याचं घडाघडा बोलणं ऐकून निश्चिंतही होऊ नका. कॅनडातल्या स्थलांतरित मुलांवर जिम कमिन्स यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं की रोजच्या बोलण्यात मुलं साधारण दोन वर्षांत बरोबरीला येतात, पण अभ्यासाची, पुस्तकातली भाषा गाठायला पाच ते सात वर्षं लागतात. दुसरी-तिसरीत गोष्टी लिहायला लागला की शिक्षकांना वाक्यरचनेबद्दल मुद्दाम विचारा. तो तुमच्या चुका काढतो तेव्हा मात्र त्याला काढू द्या, आणि बरोबर वाक्य त्याच्यासमोर मोठ्याने परत म्हणा. यात तुमचा कमीपणा नाही. दिवसातून चार वेळा मिळणारी ही फुकटची शिकवणी आहे.

मुलीकडे जास्त लक्ष द्या. तिला आज सगळं जमतंय, कारण ती समजून शिकते आणि शाळेत तासन्‌तास ऐकतेही. दोन्ही गोष्टी एकत्र असण्याची तिच्या आयुष्यातली ही काही वर्षं आहेत. धोका एवढाच की या वयात चुकण्याची लाज वाटून मुलं गप्प होतात आणि दुसऱ्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचा कोंडाळा धरतात. तिच्या मैत्रिणी कोणत्या भाषेत बोलतात ते पाहत राहा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. लहान वयाचा हाच लवचीकपणा उलटही चालतो. क्रिस्तोफ पालिए आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा प्रौढांचा अभ्यास केला ज्यांना ३ ते ८ या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक नेलं होतं. त्यांचं फ्रेंच उत्तम होतं, पण कोरियन वाक्य कोणतं हेही त्यांना इतर फ्रेंच लोकांपेक्षा जास्त ओळखता येत नव्हतं. ती मुलं कोरियनपासून पूर्ण तुटली होती, तुमच्या घरात तसं नाही. तरीही सहा वर्षांच्या मुलाची मराठी अजून पक्की झालेली नाही. चौदा वर्षांच्या मुलीची झाली आहे, तिची सहजी जाणार नाही.

परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांकडून मी जे ऐकते त्यावरून सांगते, आधी ढासळतं ते सामान्यरूप आणि लिंग. ‘झाडाखाली’ऐवजी ‘झाडखाली’, ‘घोड्याला’ऐवजी ‘घोडाला’. मग सगळी क्रियापदं एकाच लिंगात यायला लागतात. अर्थ कळतो म्हणून घरात कोणी थांबवत नाही, तुमच्या ‘देम’-‘देन’सारखंच. इथे नमुना म्हणून तुम्ही अस्सल आहात. त्यामुळे मुलगा ‘घोडाला पाणी दिलं’ म्हणाला तर टोकू नका, ‘हो का, घोड्याला पाणी दिलंस? आणि घोड्याने काय केलं?’ असं विचारा. रोज झोपताना वीस मिनिटं मराठीतून वाचून दाखवा, आणि वाचलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून आजी-आजोबांना फोनवर सांगून घ्या. घरात दोघा भावंडांनी आपसात जर्मन बोलायला सुरुवात केली आहे का, तेही मला कळवा. तशी सुरुवात झाली असेल तर धाकट्यासाठी वेगळं काही करावं लागेल.